चार्जरचा कॉन्टॅक्टर चिकटला तर: डिन रेलवरचा बरा की बोर्डावरचा रिले?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या दोन चार्जरांवर पंधरा दिवसांच्या अंतराने एकच फॉल्ट आला: कॉन्टॅक्टर स्टक. म्हणजे गाडीकडे जाणारी वीज जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच चिकटला. दोन्ही सिंगल फेज, ३२ अँपिअर, ७.४ किलोवॉटचे. एकात डिन रेलवर, म्हणजे पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर, बसवलेला वेगळा कॉन्टॅक्टर, दुसऱ्यात त्याच कामासाठी सर्किट बोर्डावरच सोल्डर केलेले छोटे रिले. पहिला त्याच दिवशी दुपारी सुरू झाला. दुसरा नवा बोर्ड येईपर्यंत बंद राहिला. आता आणखी चार्जर घ्यायचेत आणि समितीत चर्चा चाललीय ती ॲपची नि केबलच्या लांबीची. मी भोसरीत कंट्रोल पॅनेलच्या कामात वर्षं काढलीत, त्यामुळे माझं लक्ष आधी झाकणाखाली जातं.

हा फॉल्ट म्हणजे नेमकं काय, ते आधी. चार्जिंग संपलं की चार्जर कॉन्टॅक्टर उघडतो आणि गनकडच्या (गाडीत खोचायच्या प्लगकडच्या) बाजूला व्होल्टेज उरलंय का ते तपासतो. उरलं असेल तर पुढचं चार्जिंग नाकारतो. ते योग्यच आहे, कारण गाडी जोडलेली नसताना गनच्या पिनांवर वीज असणं जिवावर बेतू शकतं. म्हणून फॉल्ट दिसला की एमसीबी खाली करा आणि जाणकार वायरमनला बोलवा. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघत बसू नका.

पण चार्जरला कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे तुकडे, दिसत नाहीत, दिसतं ते फक्त व्होल्टेज. त्यामुळे कॉन्टॅक्ट खरंच वितळून जुळलेत, की ते ओढून धरणाऱ्या कॉइलला नको तेव्हा सप्लाय मिळतोय, की व्होल्टेज बघणारं सर्किटच बिघडलंय, हे त्या एका संदेशावरून कळत नाही. गाडी न जोडता चार्जर सुरू केला आणि तरी हाच फॉल्ट आला, तर निदान गाडीवरचा संशय तरी जातो.

डिन रेलच्या कॉन्टॅक्टरमध्ये या तिन्ही शक्यता अर्ध्या तासात वेगळ्या करता येतात. आधी कॉइलच्या ए१-ए२ टर्मिनलवर मीटर लावायचा. चार्जिंग चालू नसताना तिथे सप्लाय असेल तर कॉन्टॅक्टर निर्दोष असू शकतो, त्याला वरून कुणीतरी धरून ठेवलंय. बहुधा बोर्डावरचा छोटा रिले. कॉइलला सप्लाय नसेल तर आउटपुट मोजायचं. इथे एक चूक सर्रास होते: फक्त फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजून सोडून देतात. दोन पोलपैकी (फेज आणि न्यूट्रलच्या वेगवेगळ्या कॉन्टॅक्टपैकी) फेजचाच पोल चिकटला असेल आणि न्यूट्रलचा उघडला असेल, तर तिथे २३० दिसणार नाही. फेज ते अर्थ मोजलं की लगेच दिसतं. उलट, डिजिटल मीटरवर साठ-सत्तर व्होल्ट दिसले म्हणूनही घाबरायचं नाही. शेजारच्या वायरीमुळे असं भुताटकीचं व्होल्टेज येतं. टेस्ट लॅम्प लावला की ते नाहीसं होतं. शेवटी एमसीबी बंद करून, सप्लाय नाही याची खात्री करून, आउटपुटच्या वायरी सोडवायच्या आणि प्रत्येक पोलची कंटिन्युइटी, म्हणजे तो आतून जोडलेला राहिलाय का, ते मीटरने बघायचं. आमच्याकडे फेजच्या पोलवर मीटरचा बझर वाजत होता, म्हणजे तो चिकटला होता. त्याच टर्मिनलचा स्क्रू ढिला, वायरीचं इन्सुलेशन काळवंडलेलं. तापमानाने काम केलं होतं. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून तसाच, पण जास्त अँपिअरचा कॉन्टॅक्टर आणला, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल (धातूचं टोपण) मारलं, स्क्रू नीट आवळला.

बोर्डावरच्या रिलेचं तसं नाही. तो बंद डबीत असतो, पाय बोर्डात सोल्डर केलेले, वर बहुतेक वेळा वॉरंटीचं सील. गाडी जोडल्याचं सोंग करणारा टेस्टर गनला लावून बाहेरून मोजता येतं, पण पुढे जायची वाट अरुंद. आमच्या दुसऱ्या चार्जरमध्ये गनवर व्होल्टेज नव्हतंच. फेज ते अर्थ शून्य. म्हणजे फेजचा रिले उघडत होता, चूक व्होल्टेज बघणाऱ्या भागाची होती. तरी तो भाग त्याच बोर्डावर असल्यामुळे अख्खा बोर्ड बदलावा लागला. मला याचंच वाईट वाटलं.

तरी रिलेवाल्यावर अन्याय नको. कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल थेट लाइनवर चालते. संध्याकाळी व्होल्टेज फार पडलं किंवा पावसात सप्लाय फडफडला, की ती कडकड करते, कॉन्टॅक्ट उघडझाप करतात, ठिणग्या पडतात आणि तिथेच ते जुळतात. रिलेला मात्र बोर्डाच्या पॉवर सप्लायमधून स्थिर १२ व्होल्ट मिळतात, त्याला लाइनचे हे हेलकावे फारसे लागत नाहीत. शिवाय आवाज नाही. कॉन्टॅक्टरची भुणभुण बेडरूमच्या भिंतीपलीकडे असेल तर रात्री ऐकू येते.

एक गोष्ट दोघांनाही लागू. चिकटलेल्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून सोडवू नका आणि कॉन्टॅक्टवर पॉलिश पेपर मारू नका. चांदीच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग एकदा खराब झाला की तो पुन्हा चिकटतोच. चिकटला तर बदला.

माझं मत सांगतो. स्वतंत्र बंगला असेल, एकच गाडी असेल आणि वॉरंटी लांब असेल, तर बोर्डावरचा रिले चालेल. सोसायटीत, जिथे एक चार्जर चार घरं वापरतात आणि आठवडाभर बंद राहिला तर भांडणं होतात, तिथे वेगळ्या कॉन्टॅक्टरवाला घ्या. ३२ अँपिअर तासन्‌तास वाहणार आहेत, तेव्हा कॉन्टॅक्टर किमान ४० चा, शक्यतो ६३ चा असावा आणि दोन कॉन्टॅक्टर शेजारी असतील तर मधे स्पेसर हवा. कोटेशन देणाऱ्याला झाकण उघडून दाखवायला सांगा. आणि हेही विचारा: कॉन्टॅक्टर खरोखर चिकटला, तर हा चार्जर शंट ट्रिपने (एमसीबीला जोडलेल्या, विजेच्या इशाऱ्यावर तो पाडणाऱ्या भागाने) वरचा एमसीबी पाडतो का, की नुसता लाल दिवा लावून थांबतो? लाल दिव्याने गनवरची वीज जात नाही.