बोलक्या भिंती की मुलांच्या भिंती?

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ असतात: ऑइलपेंटमध्ये बाराखडी, पाढे, फुलपाखरं. पहिलीच्या मुलाला येता-जाता अक्षरं ओळखू येतात, हा फायदा खराच. पण पेंटर एकदा रंगवून जातो आणि चौथीत येईपर्यंत मुलं तिकडे बघेनाशी होतात.

दुसरीकडे बंगालमधल्या शांतिनिकेतनचं कलाभवन, म्हणजे तिथलं कलाविद्यालय, स्थापना १९१९. तिथली ‘कालो बाडी’ (काळं घर) ही इमारत मातीची. पावसापासून वाचावी म्हणून डांबर फासलेली, आणि त्यानंच काळीभोर देखणी झालेली. भिंतींवरची उठावशिल्पं चित्रकार नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनीही घडवली. मला हीच वाट पटते. आपल्या शाळांनीही निदान व्हरांड्यातली एक भिंत, मुलांचा हात पोहोचेल तिथवर, गेरू-चुन्यासकट त्यांच्या ताब्यात द्यावी. दर जूनमध्ये सारवून पुन्हा कोरी करावी.