रिकाम्या टाकीत चेरी श्रिंप : एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

परवा लाइट गेली आणि माझ्या चेरी श्रिंपच्या, म्हणजे छोट्या लाल कोळंबीच्या, काचेच्या टाकीचा हवेचा पंप मेला. वॉरंटी अजून बाकी होती, तरी दुकानदाराने सरळ हात वर केले : "आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." गेलं कसं ते ऐका. पंप टाकीखालच्या फळीवर असतो. लाइट गेली की हवेचा जोर थांबतो आणि टाकीतलं पाणी त्याच नळीने खाली पंपात उतरतं. ते अडवायला नळीत नॉन-रिटर्न वॉल्व्ह लावतात. वीस-पंचवीस रुपयांची वस्तू! पंप, फिल्टर, नळी सगळं विकलं, मग ही का नाही दिली? पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते हे रत्नागिरीत दुकान चालवणाऱ्याला ठाऊक नसतं का? टाकीत काहीही पाळा, वॉल्व्ह आधी मागून घ्या. लावण्यापूर्वी फुंकून बघा. ज्या तोंडातून फुंकर आत जाते ते पंपाकडे. आणि जागा असेल तर पंपच पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा.

आता श्रिंपबद्दल. गोल्डफिश गेल्यापासून दोन फुटी टाकी माळ्यावर पडून होती. फार उस्तवार न लागणारं काहीतरी हवं होतं. दुकानात लाल कानाचं कासव गळ्यात मारायला बघत होते. पिल्लू रुपयाएवढं दिसतं, पण फूटभर वाढतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. दोन फुटी टाकीत त्याचे हालच. तारा कासव पाळायला कायद्यानेच बंदी. म्हणून चेरी श्रिंप घेतले : इंचभराची, लालभडक, मूळची चीन-तैवानकडची गोड्या पाण्यातली कोळंबी. शेवाळ खाते, घाण जवळजवळ करत नाही.

हे मी पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी एकच तारा दिला असता. कात टाकताना एकेक मरत होती. मानेमागे पांढरी गोल रेघ दिसली की ती गेलीच म्हणून समजायचं. दुकानातून मिनरलची बाटली आणली, एवढुशी आणि महाग. मूळ कारण पाण्यात आहे. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, त्यात चुना फार थोडा. आणि नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं. ते आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेलं असतं : समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड. खारटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, मग उकळून तुकडा टाकीत सोडायचा. आधी तरंगतो, मग बुडतो आणि हळूहळू विरघळतो. त्यानंतर मर थांबली आणि माझं मत पार बदललं. टाकलेली कात काचेसारखी पारदर्शक दिसते. ती काढू नका, कोळंबीच ती खाऊन टाकते. अंगणातल्या देशी बदामाचं वाळलेलं पानही त्यांना फार आवडतं. शहरात हीच पानं पाकिटात विकतात!

आता माद्यांच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसतात. त्या पायांनी ती सारखी हलवत असतात, पाणी खेळतं राहावं म्हणून. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं निघतात, हुबेहूब आईसारखी, फक्त दोन मिलिमीटरची. तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं.

सगळ्यात मोठा धोका : डासांचा स्प्रे. झुरळ मारणारं औषध कोळंबीलाही मारतं आणि पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो. गावात धूरफवारणी आली की पंप बंद करून टाकीवर ओली चादर टाकते. माशांची औषधंही तपासून घ्या. तांबं असलेलं एकही चालत नाही. मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेलं की झाकण काढून पंखा लावायचा.

खायला आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचं पान पुरतं. साताऱ्याला लग्नाला गेलो तेव्हा आठवडाभर काहीच घातलं नव्हतं, तरी सगळ्या ठणठणीत.

पाच पैकी साडेचार. पिल्लं आता भरपूर झालीत. जवळपास राहत असाल तर डबा घेऊन या, फुकट देईन. फक्त जास्त झाली म्हणून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका. परदेशी जात आहे, तिथे वाढली तर आपल्याच कोळंबीच्या खाण्यावर येईल.