अंटार्क्टिका किंवा आर्क्टिकची एक्सपिडिशन क्रूझ : काय विकत घ्यायचं, काय भाड्याने आणि काय न्यायचंच नाही

बुकिंग झालं की सगळे आधी जॅकेट शोधायला लागतात. माझं मत विचाराल तर आधी पँट आणि ग्लोव्ह्ज बघा, जॅकेटचं नंतर. अंटार्क्टिक पेनिन्सुलावर (अंटार्क्टिकाचा उत्तरेकडे आलेला निमुळता भाग) तिथल्या उन्हाळ्यात म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तापमान शून्याच्या थोडं खाली-वर असतं, आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जुलैमध्ये साधारण ३ ते ७ डिग्री. एवढ्या थंडीत अंग कोरडं असेल तर माणूस तासन्‌तास मजेत राहतो, हाल होतात ते वारा आणि पाण्यामुळे, कारण जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी झोडियाक ही उघडी रबरी बोट असते, तिच्या फुगीर कडेवर बसायचं असतं, ती कड बहुतेक वेळा ओलीच असते आणि समोरून पाणी उडतच राहतं.

म्हणून पँटपासूनच सुरुवात करते. दोन पर्याय असतात, आतून अस्तर असलेली जाड स्की पँट किंवा पातळ, पूर्ण वॉटरप्रूफ रेन पँट. बऱ्याच स्की पँट बर्फ झटकण्यापुरत्या ठीक असतात, पण ओल्या रबरावर तासभर बसलं की पाणी हळूहळू आत येतं, आणि लँडिंगनंतर टेकाड चढायला लागलं की त्यातच घाम फुटतो. रेन पँट थोडी ढगळ घ्या, आत थर्मल आणि गरज पडली तर फ्लीसची पँट घाला. माझी पसंती रेन पँटलाच. खाली बाजूला चेन असलेली बघा, कारण पँट बुटाच्या बाहेरून यायला हवी, आत खोचली तर पाणी सरळ बुटात उतरतं. परत कधी अशा ट्रिपला जाणार नसाल तर ही भाड्याने घेतली तरी चालते, अंटार्क्टिकाची बरीच जहाजं जिथून सुटतात त्या अर्जेंटिनातल्या उशुआयामध्ये भाड्याची दुकानं आहेत आणि काही कंपन्यांचं भाड्याचं किट थेट केबिनमध्ये येतं. फक्त मापाची खात्री आधी करून ठेवा.

आता जॅकेट. बऱ्याच कंपन्या पार्का म्हणजे टोपीवालं लांब जाड जॅकेट देतात, काही कायमचा तर काही फक्त ट्रिपपुरता, आणि काही देतच नाहीत, तर कन्फर्मेशनमध्ये नक्की काय लिहिलंय ते नीट वाचा. मिळणार असेल तर दुसरं जाड जॅकेट नेऊ नका, अर्धी बॅग त्यातच जाते. मिळणार नसेल तर एकच जाड डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांचा) पार्का घ्यायचा की वॉटरप्रूफ शेल म्हणजे बाहेरचं पातळ जॅकेट आणि आत थर, हे ठरवावं लागतं. डेकवर नुसतं उभं राहून व्हेल शोधायचे असतील तर डाऊनसारखं सुख नाही, पण डाऊन भिजलं की त्याचे गोळे होतात आणि ऊब जाते, आणि या ट्रिपमध्ये भिजायचे प्रसंग रोजचेच. शेल एक साइज मोठा, आत फ्लीस, आणि फार गारठा वाटला तर फ्लीसवर पातळ सिंथेटिक पॅडिंगचं जॅकेट, एवढ्यात सगळं भागतं. खरेदी करताना खिसेसुद्धा बघून घ्या, कारण लाइफ जॅकेट वरून बांधलं की छातीवरचे खिसे उघडता येत नाहीत, खालच्या बाजूला चेनवाले दोन खिसे असलेलं जॅकेट खूप सोयीचं पडतं.

अंगालगतच्या थराचं सांगायचं तर कॉटन नको, ते घाम धरून ठेवतं आणि मग पाठ गार पडते. मेरिनो (मेंढीची मऊ लोकर) की सिंथेटिक हा प्रश्न खरा आहे. मेरिनो थोडं ओलसर झालं तरी उबदार राहतं आणि चार दिवस घातलं तरी वास येत नाही, सिंथेटिक पटकन वाळतं, जास्त टिकतं आणि स्वस्तही असतं. जहाजावर केबिनमध्ये रात्रभरात कपडे वाळतात, त्यामुळे बजेट कमी असेल तर दोन सिंथेटिक जोड्या घ्या आणि बिनधास्त जा. थोडे पैसे सोडता येत असतील तर एक मेरिनो, एक सिंथेटिक.

ग्लोव्ह्जवर मात्र मी अडून बसेन. मिटन्समध्ये, म्हणजे चारही बोटं एकाच कप्प्यात असलेल्या हातमोज्यांत, बोटं एकमेकांना ऊब देतात म्हणून ते पाच बोटांच्या ग्लोव्ह्जपेक्षा गरम, पण मिटन घालून कॅमेऱ्याचं बटण दाबता येत नाही, चेनसुद्धा ओढता येत नाही, मग माणूस दर दोन मिनिटांनी हात बाहेर काढतो आणि वाऱ्यात बोटं बधिर होतात. आत टचस्क्रीनवर चालणारे पातळ लायनर आणि वर वॉटरप्रूफ ग्लोव्ह किंवा मिटन, अशी जोडी घ्या, म्हणजे वरचा काढला तरी कातडी उघडी पडत नाही. वरच्या ग्लोव्हला मनगटाची दोरी हवीच, हातातून सुटला तर तो समुद्रात जातो नाहीतर पेंग्विनच्या विष्ठेत पडतो. लायनरचे दोन जोड न्या, वरचा एक जास्तीचा. ग्लोव्ह्ज मात्र भाड्याने घेऊ नका, ते आपल्या हाताला बसतात का हे घरीच बघायला हवं.

बूट बहुतेक जहाजांवर मिळतात, उंच रबरी, आणि तेच घाला. ट्रेकिंगचे स्वतःचे बूट कितीही चांगले असले तरी वेट लँडिंगला पोटरीपर्यंत पाण्यात उतरावं लागतं. पायाचं माप फार मोठं किंवा फार लहान असेल तरच स्वतःचे नेण्याचा विचार करा. मोजे एक जाड आणि आत एक पातळ, बस. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात.

बॅगेबद्दल बोलायलाच हवं. एका खांद्याची कॅमेरा बॅग नकोच, कारण झोडियाकमध्ये चढताना-उतरताना खलाशी तुमचं मनगट धरतो आणि तुम्ही त्याचं, दोन्ही हात रिकामे लागतात. मग साधी सॅक रेन कव्हर लावून की तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग? वाऱ्यात कव्हर फडफडून निघतं, ड्राय बॅग भरवशाची, पण तिच्यात तळाची वस्तू काढायची तर सगळं उपसावं लागतं. साध्या सॅकच्या आत ड्राय बॅग हा मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. यात अंटार्क्टिकाला एक मोठा नियम लक्षात घ्या. बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या भागात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला, म्हणून अंटार्क्टिकाच्या टूर ऑपरेटर्सची आयाटो ही संघटना पाहुण्यांना किनाऱ्यावर बसू, गुडघे टेकू किंवा बॅग खाली ठेवू देत नाही. म्हणजे सॅक पुढे घेऊन उभ्याउभ्या उघडता यायला हवी, आणि ट्रायपॉड बहुधा केबिनमध्येच पडून राहतो, तो न नेलेलाच बरा.

लेन्स आणि दुर्बिणीचं उत्तर तुम्ही कुठल्या ध्रुवाकडे चाललात त्यावर आहे. पेंग्विनपासून ५ मीटर अंतर ठेवायचं असतं आणि पुष्कळदा तेच कुतूहलाने जवळ येतात, तिथे ७०-२०० मिलिमीटरची लेन्स पुरते. स्वालबार्डला २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जूनमध्ये ५०० मीटर अंतर बंधनकारक आहे, म्हणजे ७०-२०० ने अस्वलाचा पांढरा ठिपकाच येईल, १००-४०० किंवा त्याहून लांब हवी. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) घ्या, १०×४२ मध्ये प्राणी मोठा दिसतो पण हलणाऱ्या डेकवर हातही हलतो आणि चित्र स्थिर राहत नाही. आर्क्टिकला दुर्बीण एका घरात दोन असाव्यात असं मी आग्रहाने सांगेन, अस्वल दिसल्यावर कोणी आपली देत नाही. बॅटरी थंडीत लवकर उतरते, जास्तीची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. आणि आत येण्याआधी कॅमेरा झिपलॉकमध्ये बंद करा, केबिनच्या उबेत लेन्सवर दव धरतं.

समुद्र लागण्याचं, म्हणजे लाटांमुळे मळमळण्याचंही तसंच, कुठे चाललात त्यावर. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधला ड्रेक पॅसेज हा समुद्र सुमारे ८०० किलोमीटर रुंद, जायला साधारण दोन दिवस आणि यायला तेवढेच, तर स्वालबार्डला बराच वेळ खाडी आणि फ्योर्डच्या आडोशाला जातो. मळमळीची गोळी सहज मिळते पण तिने झोप येते, कानामागचा स्कोपोलामाइनचा पॅच तीन दिवस चालतो, पण तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते आणि काचबिंदू असलेल्यांनी तो टाळावा. ड्रेकसाठी डॉक्टरांशी बोलून दोन्हीपैकी एक आधी घरी वापरून बघा, आणि लाटा सुरू व्हायच्या आधी घ्या, एकदा पोट ढवळलं की गोळी पोटात राहत नाही.

सनग्लासेस आणि सनस्क्रीन दोन्हीकडे लागतं, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो. डोळ्यांची पट्टीही घ्या, उन्हाळ्यात मध्यरात्रीही उजेड असतो. छत्री, हेअर ड्रायर, पार्टीचे कपडे, ड्रोन, यातलं काही नको. जहाजात आत छान ऊब असते, टी-शर्ट आणि साधी पँट पुरते.

जुनं सामान नेणार असाल तर वेल्क्रो आणि सॅकचे कोपरे घरीच ब्रशने साफ करा, नाहीतर जहाजावर तपासणीच्या वेळी चिमट्याने एकेक बी काढत बसावं लागतं. अंटार्क्टिकात बाहेरचं बी जाऊ नये म्हणून हे खूप काटेकोर असतं आणि असायलाच हवं, साउथ जॉर्जियाला तर आणखी कडक.

शेवटी चेक-इन की हातातली बॅग. विमान कंपनीने सामान हरवलं तर जहाज थांबत नाही, आणि पुढे दुकान नाही. एक थर्मल जोडी, वॉटरप्रूफ पँट, ग्लोव्ह्ज, सगळी औषधं, चष्मा आणि बॅटऱ्या हातातल्या बॅगेत घ्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक तसेही चेक-इनमध्ये चालत नाहीत.