दहा मिनिटांत रेडॉन मोजणारा माणूस

पंचगंगेचं पाणी उतरलं की आमच्या गावात विकणारे येतात. गाद्यावाले, भांडीवाले, भिंतीची ओल घालवतो म्हणणारे. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं, त्यामुळं ‘पुरानंतर घरात काय होतं’ म्हणून कुणी सुरुवात केली की आम्ही त्याला बसायला खुर्ची देतो.

ह्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं. “काका, जमिनीतनं रेडॉन नावाचा वायू वर येतो. रंग नाही, वास नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर होतो.” (ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं.) मग विचारलं, “घरात खोकला कुणाला आहे?” आई नेमकी तेव्हाच आतून खोकली.

आईच्या खोलीत आम्ही चौघं उभे. दार लावलं, खिडकी लावली. दहा मिनिटांत त्याच्या मीटरवर ११५० आकडा आला आणि पीं पीं सुरू झालं. “हजाराच्या वर धोका,” म्हणाला. मग साडेनऊ हजारांचं यंत्र लावलं, “हवा खेळू द्या” म्हणत सगळ्या खिडक्या उघडल्या. अर्ध्या तासात ४३०. मी फोनवरनं पैसे पाठवले. बोळातल्या आणखी दोन घरांनी घेतलं.

मीटरचा फोटो मी हौसेनं काढला होता. भाची शिवाजी विद्यापीठात फिजिक्स शिकते. तिनं फोटो मोठा करून बघितला आणि कपाळाला हात लावला. “मामा, कोपऱ्यात पीपीएम लिहिलंय, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. रेडॉन बेकरेलमध्ये मोजतात, ते किरणोत्साराचं माप. हा कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे. बंद खोलीत चौघं श्वास सोडत होता, तो मोजला त्यानं!” आणि ४३० म्हणजे बाहेरच्या साध्या हवेचा आकडा.

ती म्हणाली, खडकातल्या, मातीतल्या युरेनियमपासून रेडॉन तयार होतो. ग्रॅनाइटच्या मानानं आपल्या काळ्या दगडात युरेनियम कमी. कोळशाच्या डबीनं घाईची चाचणी करायची तरी निदान ४८ तास लागतात, दारं-खिडक्या आधी बारा तास बंद ठेवून. भरवशाचा आकडा हवा तर फिल्मची डबी तीन महिने टांगून ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे घनमीटरला १०० बेकरेल. आणि खरंच जास्त निघालं, तर जोत्याखालनं पाइप घालून पंख्यानं वायू छपरावर सोडतात, फटी बुजवतात.

आमच्या यंत्रात काय होतं? कॉम्प्युटरचा पंखा आणि काळा स्पंज.

सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन केला, पण चार दिवस लाजेत घालवून. तोवर त्या माणसाचं खातं रिकामं. पावतीवर जीएसटी नंबर नव्हता, हे तिथल्या बाईंनी विचारल्यावर दिसलं. पैसे पाठवले त्याच तासाला फोन करायला हवा होता, म्हणाल्या.

शेजारच्या आबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी यंत्र बंद केलं नाही. “असू दे रं, साडेनऊ हजाराचा पंखा हाय. वारं तरी घेतो.”