स्टेट बोर्डाच्या सदस्याची पात्रता आणि पगार: टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या कायद्यांच्या साइट्स कितपत कामाच्या?

अमेरिकेत स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशनवर, म्हणजे राज्यातल्या शाळांचं धोरण ठरवणाऱ्या मंडळावर, कोण जाऊ शकतो आणि त्याला काय मिळतं, हे दर राज्यात वेगळं असतं. त्यामुळे ऐकीव माहितीपेक्षा त्या-त्या विधिमंडळाची कायद्यांची साइट उघडलेली बरी. इथे बघितलेल्या दोन्ही साइट्स फुकट आहेत.

टेक्सासच्या साइटवर एज्युकेशन कोड (शिक्षणाच्या कायद्यांची संहिता) निवडा, मग चॅप्टर ७, त्यातला सबचॅप्टर डी. अख्खा चॅप्टर एकाच लांबलचक पानावर येतो. स्क्रोल करत बसू नका, कंट्रोल-एफने थेट कलम ७.१०१ आणि ७.१०३ गाठा. १५ सदस्य, प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघातून निवडून आलेला. वय किमान २६, त्याच मतदारसंघाचा मतदार, तिथे वर्षभर सलग वास्तव्य. नोंदणीकृत लॉबिस्टला (पैसे घेऊन सरकारदरबारी कुणाची तरी बाजू लावून धरणाऱ्याला) बंदी. बी.एड. किंवा शिकवण्याच्या अनुभवाची अट नाही. पगारही नाही, फक्त खर्चाची भरपाई.

पण एवढ्यावर थांबलात तर फसाल. नागरिकत्व आणि गुन्ह्यात दोषी ठरल्याबद्दलच्या सर्वसाधारण अटी इलेक्शन कोडच्या कलम १४१.००१ मध्ये आहेत. ग्रीन कार्डवाल्यांनी तेच आधी वाचावं, कारण नागरिक नसाल तर पुढचं सगळं व्यर्थ. पक्षाच्या प्रायमरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी) ३०० डॉलर अर्ज-फी लागते, तीही इलेक्शन कोडमध्येच, कलम १७२.०२४. शिक्षणाच्या चॅप्टरमध्ये फीचा उल्लेखही नाही. बिनपगारी पदासाठी आधी पैसे भरायचे आहेत, हे उमेदवाराला एकाच पानावर कळायला हवं. यासाठी एक तारा कापला: ५ पैकी ४.

आणखी एक घोळ नेहमी होतो. नुसतं 'स्टेट बोर्ड' शोधलं की चॅप्टर २१ मधलं स्टेट बोर्ड फॉर एज्युकेटर सर्टिफिकेशनही पुढ्यात येतं. शिक्षकांना प्रमाणपत्र देणारं ते वेगळं मंडळ. तिथे चार सदस्य शिक्षकच असावे लागतात. ते वाचून लोक समजतात की स्टेट बोर्डावर जायला शिक्षक असणं सक्तीचं आहे.

कॅलिफोर्नियाची साइट शोधायला सोपी: 'कॅलिफोर्निया लॉ' टॅब, एज्युकेशन कोड, कलमाचा आकडा टाका. कलम ३३००० मध्ये गव्हर्नरने नेमलेले, सिनेटच्या दोन-तृतीयांश संमतीचे १० सदस्य. ३३००६ मध्ये कामाच्या प्रत्येक दिवसाचे १०० डॉलर आणि प्रवासखर्च. अडचण अशी की आकडा टाकला की तेवढंच कलम दिसतं, शेजारचं नाही. ३३०००.५ मधला विद्यार्थी सदस्य त्यामुळे हमखास निसटतो आणि लोक ११ ऐवजी १० मोजतात. कलमाच्या तळाशी कंसात शेवटच्या दुरुस्तीचं वर्ष असतं, ते बघूनच आकडा पुढे सांगा. ५ पैकी साडेतीन.