शहाद्याचं लिंबाखालचं गॅरेज आणि माझी बोलेरो कॅम्पर

या गॅरेजला पाटी होती म्हणतात, मी कधी पाहिली नाही. प्रकाशा रोडला कुणालाही ‘लिंबाखालचं’ म्हटलं की हात दाखवतात. दोन वर्षं झाली, माझी बोलेरो कॅम्पर तिथेच जाते.

आधी गाडीचं सांगतो. फोर बाय फोर आहे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येते, 2523 सीसी डिझेल. माझा धंदा सौरपंप बसवायचा आणि बिघडले की दुरुस्त करायचा. आठवड्यातले चार दिवस धडगाव, मोलगी, तोरणमाळकडचे पाडे. मागे पॅनल, पाइप, शिडी आणि दोन पोरं. डांबर जिथे संपतं तिथून माझं काम सुरू होतं.

वॉरंटी होती तोवर गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला जायची. एसी बसायला, चहा, धुऊन चकचकीत गाडी आणि टिका मारलेला लांबलचक कागद. त्यात ‘डिफरन्शियल ऑइल’समोरही, म्हणजे चाकांच्या मधल्या गिअरांच्या तेलासमोरही, टीक होती. एका पावसाळ्यानंतर मागून घुंईं असा आवाज यायला लागला, तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याने मला इकडे पाठवलं.

मिस्त्रीने बॉनेटला हात लावला नाही. किलोमीटरही विचारले नाहीत. पहिला प्रश्न अहिराणीत, ‘‘गाडी कथा कथा फिरनी, ते सांग पहिले.’’ म्हणजे कुठे कुठे फिरली. मी घाट सांगितले, नाले सांगितले, एका नाल्यात चाक बुडेस्तोवर पाणी होतं तेही सांगितलं. तो खड्ड्यात उतरला, मागच्या हौसिंगचा, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर ज्यात असतात त्या लोखंडी डब्याचा, प्लग सैल केला आणि खाली डबा धरला. काळंशार यायला पाहिजे ते दुधट, तपकिरी आलं. मला वर बोलावून डबा दाखवला, ‘‘हाई तेल नही भो, चहा शे.’’

मग समजावलं. घाट उतरून आलेलं हौसिंग हात लावू देत नाही इतकं तापलेलं असतं. तसंच ते थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ओढायला वर ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड. माझा ब्रीदर चिखलाने सिमेंटसारखा बुजला होता, म्हणून पाणी सीलच्या कडेने आत गेलं. त्याने 80W-90 हे गिअर ऑइल भरलं, दोन दिवस चालवायला लावलं, ते काढून पुन्हा नवं भरलं. ब्रीदरला डिझेलची नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेली. नळीचे पैसे किती, तर साठ रुपये. बेअरिंग थोडक्यात वाचलं.

तेव्हापासून त्याने मला लावलेली शिस्त अशी की पाण्यातून आलो की किलोमीटर कितीही असोत, दोन्ही हौसिंगचं तेल बघायचं. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांना, म्हणजे क्रॉसला, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्या ज्यावर लटकतात त्या शॅकलला ग्रीस मारायचं, तेही जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत. इतर ठिकाणी गन दोनदा दाबून पुढे जातात, म्हणूनच क्रॉस टकटक करायला लागतात.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ मात्र माझ्याच हाताने सोडायला लावतो. वर डोंगरात डिझेलचा पंप लांब पडतो, कधी कॅनमधलं डिझेल टाकावं लागतं. पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीत थोडं सोडलं आणि उभी करून ठेवली. पाच मिनिटांत खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. ते पाणी इंजिनाच्या डिझेल पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं असतं तर खर्चाचा आकडा इथे लिहायलाही नको.

हवा फिल्टरला तो आतून बाहेर हवा मारतो, तीही जपून, आणि मग आत बल्ब धरून कागदातून उजेड कुठे जास्त येतो, म्हणजे कुठे फाटलाय का, ते बघतो. एकदा नंदुरबारला मिरचीच्या पथारीशेजारी आठवडाभर काम होतं. त्या वेळी फिल्टर झटकताना त्याच्याकडचा पोरगा शिंकून शिंकून बेजार झाला. रेडिएटरमध्ये गवताची कुसळं अडकतात, ती इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढतो. मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं ते सांगायला नको, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला तेवढी कुसळं पुरतात.

सर्व्हिसिंग झाली की गाडी गोमाई नदीच्या वाळूत नेऊन फोर बाय फोर टाकून बघतो. डांबरावर कधीच टाकू देत नाही. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, वाळूत ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर सगळा ताण गिअरांवर येतो.

आता तक्रारी. वेळ घेऊन जायची सोयच नाही. नऊला बोलावलं तरी बारापर्यंत बाकावर बसायचं, आणि बाकाचा एक पाय विटेवर आहे. बिल कॅलेंडरच्या पाठीमागे. मागच्या खेपेला त्याने इंजिन ऑइलच्या प्लगचं जुनंच तांब्याचं वायसर परत लावलं, रात्रभर माझ्या अंगणात थेंब पडले, सकाळी बायकोने रांगोळीच्या जागेकडे बोट दाखवलं. गेलो तर नवीन वायसर फुकट लावलं, पण ‘चुकलं’ हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

मजुरी सगळ्या कामाची बाराशे झाली, तेल-फिल्टर आपण दुकानातून आणायचे. तो तेच सांगतो, मला ते बरं वाटतं. गाडी वॉरंटीत असेल तर इथे आणू नका, कंपनीकडेच जा. आणि जायचं तर मृगाच्या आधी जा. लिफ्ट नाही, खड्डा आहे, आणि पाऊस लागला की त्या खड्ड्यात बेडकं असतात.