कलेन की तिसो? टपालाने झालेले इलाज वाचायचे तर

अठराव्या शतकात युरोपातला खात्यापित्या घरचा रोगी नामांकित डॉक्टरला तोंडही न दाखवता त्याचं औषध घ्यायचा. हकीकत पत्रात लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. स्टेथोस्कोप १८१६ सालचा. तोवर समोर बसलेल्या डॉक्टरचीही भिस्त बरीचशी रोग्याच्या बोलण्यावरच असे, त्यामुळे पत्रावर इलाज करण्यात कुणाला वावगं वाटत नसे.

अशा पत्रांचे दोन मोठे संग्रह आहेत: स्कॉटलंडमधल्या एडिंबराचे डॉक्टर विल्यम कलेन यांचा आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर सॅम्युएल तिसो यांचा. दोन्ही वाचायला सवड नसेल, तर मी कलेनकडे ढकलेन. पाच हजारांहून अधिक कागद, इंग्रजीत, इंटरनेटवर फुकट. शिवाय सवाल आणि जवाब दोन्ही हाती लागतात, कारण कलेन आपल्या उत्तरांच्या नकला ठेवायचा. आधी लेखनिक बसून उतरवून काढत. १७८१ पासून जेम्स वॉटचं नकलयंत्र आलं: ताज्या शाईवर ओलसर पातळ कागद दाबायचा, अक्षरं उलटी उमटायची, ती कागदाच्या पाठीमागून सुलटी वाचायची. लिहिणारा दर वेळी रोगीच असतो असंही नाही. कधी नातलग, कधी गावचा सर्जन. १७८४ मध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनच्या दुखण्यासाठी त्याचा मित्र आणि पुढे चरित्रकार झालेल्या बॉस्वेलने लिहिलं होतं. (आपण वडिलांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर धाडतो, तसंच.)

तिसोकडे हजारावर पत्रं आहेत, पण फ्रेंचमध्ये, आणि त्याची उत्तरं फारशी उरलेली नाहीत. एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. पण ती बाजू काय बोलते! हस्तमैथुनावरचं त्याचं पुस्तक वाचून घाबरलेले तरुण त्याला आपलं सगळं लिहून कळवत. आज ते पुस्तक शास्त्र म्हणून टिकत नाही, भीती मात्र खरी होती. १७६१ च्या त्याच्या लोकांसाठीच्या आरोग्यग्रंथात डॉक्टरला विचारण्याआधी उत्तरं तयार ठेवावीत अशी प्रश्नावलीच आहे: वय काय, दुखणं कधीपासून, ताप आहे का, नाडी कशी, शौचाला कसं होतं, बायकांसाठी पाळीचे प्रश्न वेगळे.

डॉक्टर कसा विचार करायचा हे बघायचं असेल तर कलेन. फ्रेंच येत असेल आणि माणसं हवी असतील, तर बेलाशक तिसो. फ्रेंच येत नसेल तर निदान ती प्रश्नावली तरी वाचा. त्या ग्रंथाची जुनी इंग्रजी भाषांतरं आहेत.